कलमवाल्याचा तिसरा हात

रोपवाटिकेत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. घरी बायको 'अहो' म्हणायची. थोरली बहीण, म्हणजे आक्का, मात्र अजून बाळ्याच म्हणायची. बावन्न वर्षांचा बाप्या, मिशा पिकलेल्या, पण आक्काच्या तोंडातलं बाळ्या काही सुटलं नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला आपली एक किडनी काढून दिली. मग तर तिला काही म्हणायची कुणाची सोयच राहिली नाही.

त्याचं काम कलमं बांधायचं. गुलाब, लिंबू, संत्रं. जंगली खुंटाची साल चाकूनं उभी-आडवी चिरायची, चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, पातळ सोलून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी गच्च गुंडाळायची. ऐकायला सोपं. पण डोळा वाळायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, आणि श्वास दोनदा घ्यावा इतक्या वेळात उस्ताद ते उरकायचा. दिवसाला तीनशे. शंभरातली नव्वद तरी फुटायची. रोपवाटिकेची मालकीणबाई गिऱ्हाइकांना त्याच्या टेबलाजवळ आणून उभं करायची आणि काही न बोलता नुसती बघायला लावायची.

किडन्या गेल्या त्या रक्तदाबापायी, गुपचूप. कळलं तेव्हा उशीर झाला होता. वर्षभर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर पडून काढलं. मग तपासण्यांत आक्काचं सगळं जुळलं. ऑपरेशन झालं, किडनी पहिल्याच दिवशी कामाला लागली. डॉक्टरबाई समजावून सांगायला बसल्या की नवीन अवयव शरीराला परका वाटतो, शरीर त्याच्या अंगावर धावून जातं, म्हणून शरीराचा पहारा ढिला ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पहारा ढिला की चोर आत शिरणार, म्हणजे जंतू. तेव्हा जपायचं.

"कळलं," उस्ताद म्हणाला. "बांधलेल्या कलमाला वारा लागू द्यायचा नाही."

"तुमचं कळणं मला आवडलं," बाई म्हणाल्या. "तसंच वागलात तर आणखी आवडेल."

वागला तो तसाच. तरी दुसऱ्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं आणि आठ दिवस दवाखान्यात निघाले. सातव्या महिन्यात कमरेवर नागीण उठली. सदऱ्याचा काठ लागला तरी माणूस कळवळायचा. दोन्ही वेळा आक्का दवाखान्यात आली, खुर्ची ओढून बसली आणि त्याची नाही, त्याच्या पोटाची विचारपूस केली.

"माझ्या पोरीला नीट नांदवतोयस ना रे? अंगाखांद्यावर वाढवलेली पोर दिलीय तुला. तिला घाण खपत नाही, सांगून ठेवते."

"नांदतेय की," तो म्हणायचा. "माहेरचं माणूस सारखं दारात येतंय, तेवढाच त्रास आहे."

घरात बायकोनं सगळं आपल्या हातात घेतलं. पाणी उकळून गार केलेलं. चपला उंबऱ्याबाहेर. भेटायला येणाऱ्याला ती दारातच अडवायची आणि आधी नाकाकडे बघायची. एकदा तिचा सख्खा भाऊ शिंकत आला, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवून चहा खिडकीतून दिला. भाऊ रुसला. "रुसू दे," ती म्हणाली, "रुसवा औषधाशिवाय जातो." दिवसातून दोन वेळा ताप मोजून ती भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायची. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की या गोळ्यांनी ताप अंगातच दबून राहतो. इतरांना जिथं एकशेतीन चढेल तिथं याला शंभरच दिसेल. तेव्हा शंभर म्हणजे धावत सुटायचं.

चौदा महिन्यांनी कामावर जायची परवानगी मिळाली. अटी होत्या. मातीला हात नाही, खताच्या ढिगाजवळ जायचं नाही, कुंड्या भरायच्या त्या दुसऱ्यांनी. हातात पातळ मोजे आणि नाकातोंडावर मास्क. उस्तादनं एकूण एक अट मान्य केली. पहिल्या दिवशी मास्क लावून टेबलावर बसला तेव्हा कुंड्या भरणाऱ्या बायका हसल्या.

"उस्ताद, आज रोपांचं ऑपरेशन आहे का?"

"आहे. आवाज करू नका, भूल दिलीय त्यांना."

सहा महिने छान गेले. कलमं फुटत होती, रक्ताचे रिपोर्ट सरळ येत होते. मग खोकला लागला. कोरडा, हलका. उस्तादनं तो अंगावर काढला. गुलाबाचे डोळे भरायचा हंगाम अर्ध्यावर होता आणि तापाची तर बायको नोंद ठेवतच होती. फक्त चार दिवस तो थर्मामीटर काखेत घालून वेळेच्या आधीच काढायचा, आणि बायको चौकटीत अठ्ठ्याण्णव लिहायची. पाचव्या दिवशी तिनं त्याच्या मानेला हात लावला. मग थर्मामीटर लावून स्वतः धरून बसली. शंभर पॉइंट सहा.

तिनं पिशवी भरली, रिक्षा बोलावली.

फुप्फुसात डाग निघाला. नळी घालून नमुना काढला, तो आठवडाभर वाढवत ठेवला, आणि एक दिवस डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. आक्का खुर्चीवर होती, बायको खाटेच्या कडेला.

"हा मातीत आणि झाडाझुडपांवर राहणारा जंतू आहे," बाई म्हणाल्या. "धडधाकट माणसाला तो विचारत नाही. तुम्हाला धरलं. औषध आहे, पण सहा महिने घ्यावं लागेल, आणि ते औषध किडनीलाही जड जातं. तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. आता मला सांगा, माती तुमच्या तोंडानाकापर्यंत पोचली कशी?"

"नाही पोचली," उस्ताद म्हणाला. "मातीला बोट लावलं नाही मी. मास्क तर सकाळी लावला की संध्याकाळीच काढायचो. कुणालाही विचारा."

"मास्क असताना इतकं आत जाणं अवघड आहे."

"मी खोटं बोलतोय का?"

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण वाट सापडल्याशिवाय मी तुम्हाला परत तिथं पाठवणार नाही. असा अजून एक फटका बसला तर ही किडनी राहील की नाही, मला सांगता येणार नाही. रोपवाटिका विसरा, असं आज म्हणत नाही. पण म्हणावं लागेल."

बाई गेल्यावर आक्का म्हणाली, "थर्मामीटरचं मला कळलंय बरं का."

उस्ताद भिंतीकडे बघत राहिला.

"मी पोट फाडून घेतलं ते काय तू काखेत चोरी करावीस म्हणून?" तिनं आवाज चढवला नव्हता. पदरानं नाक पुसलं आणि बटव्यातली सुपारी शोधायला लागली.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. घरी येऊन करायचं काय? पस्तीस वर्षं ज्या हातांनी दिवसाला तीनशे डोळे भरले ते हात मांडीवर पडून राहिले. बायकोनं त्याला बटाटे सोलायला बसवलं. त्यानं साल इतकी पातळ काढली की तिच्यातून खिडकी दिसावी. बायकोला ते बघवलं नाही. तिनं बटाटे काढून घेतले, तर तो तिच्यावरच खेकसला. मालकीणबाईचा निरोप आला होता की टेबल ठेवलंय, घाई नाही. त्या निरोपानं तो आणखीनच चिडला. घाई नाही म्हणजे काय? हंगाम का त्याच्यासाठी थांबणार होता?

एका दुपारी बायकोनं त्याची कामाची पिशवी धुवायला काढली. तळाशी चुरगाळलेले तीन वापरलेले मास्क निघाले. टाकायला म्हणून चिमटीत धरून उजेडात नेले आणि तशीच थांबली. नाकाची बाजू पांढरीशुभ्र. बाहेरची बाजूही तशी स्वच्छच. पण खालच्या घडीत, हनुवटीशी, आतल्या बाजूनं हिरवट काळी रेघ. तिन्हींवर. झाडाचा चीक वाळला की असा रंग होतो.

"अहो, हे मास्क तुम्ही तोंडाला लावायचात की गळ्याला?"

"तोंडाला."

"मग चीक हनुवटीला कसा लागला?"

"मला काय माहीत? हात लागला असेल. तूही आता डॉक्टरीण झालीस का?"

तिनं वाद घातला नाही. आक्काला फोन लावला. आक्का संध्याकाळच्या आत हजर. तिनं मास्क चष्मा लावून बघितले, पिशवीत घालून हात धुतले आणि म्हणाली, "बाळ्या, तू खरं बोलतोयस. मला माहीत आहे, तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात ते. आत्ता लाल नाहीत. आता असं कर, मला कलम बांधून दाखव."

"इथं? कशाचं?"

आक्कानं स्वयंपाकघर धुंडाळलं. स्वच्छ धुतलेली एक लांब काकडी ग्लासात उभी केली. हा खुंट. कांद्याच्या पातीची एक काडी, ही कलमकाडी. शिवणाच्या डब्यातली फीत, ही पट्टी. कोरा मास्क त्याच्या तोंडाला लावला आणि भाजी चिरायचा लहान चाकू हातात दिला.

"पस्तीस वर्षं काम करतोय मी," उस्ताद म्हणाला, "आणि आता काकडीवर परीक्षा."

"कर. आम्ही बघतो. रोजच्यासारखं कर, आमच्याकडे बघू नको."

आधी तो नाटकासारखं करत होता. पण चाकू काकडीत उभा शिरला आणि हातांना त्यांचं काम ओळखू आलं. खांदे खाली आले. आडवी चीर दिली. पातीवरून पातळ तुकडा सोलला. डाव्या अंगठ्यानं चीर उघडी धरली, उजव्या हातानं तुकडा आत सरकवला, फीत ओढली, एक वेढा, दुसरा वेढा, घट्ट.

"थांब," आक्का म्हणाली. "आहे तसाच थांब. हलू नकोस."

तो थांबला.

"आता सांग. तुझ्या तोंडात काय आहे?"

उस्तादनं उत्तर द्यायला तोंड उघडायला घेतलं, पण उघडता येईना. ओठांच्या एका कोपऱ्यात पातीची काडी होती. दातांत फितीचं टोक गच्च धरलेलं होतं. मास्क हनुवटीवर.

"अं," तो म्हणाला.

आक्का आधी गंभीर होती, मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं, ते तिला आवरेना. टाक्यांची जागा दाबून धरून हसली. "अरे गाढवा, मास्क कधी खाली ओढलास ते तरी कळलं का तुला?"

नव्हतं कळलं. खरंच नव्हतं. त्यानं काडी तोंडातून काढली आणि दुसऱ्याच कुणाची असावी तशी तिच्याकडे बघत राहिला. सतरा वर्षांचा असताना ज्या म्हाताऱ्या माळ्यानं त्याला हे काम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: काडी वाळली तर मेली. माणसाला दोन हात असतात, कलमवाल्याला तीन. तोंड हा तिसरा हात. काडी ओठांत ओली राहते, पट्टीचं टोक दातांत ताणून राहतं, दोन्ही हात मोकळे. तेव्हापासून दिवसाला तीनशे वेळा. पापणी लवते ते कुणी मोजतं का? मास्क खाली गेला आणि वर आला तो तसाच, पापणीसारखा. आणि त्या काड्या येत कुठून, तर बागेतून, जमिनीलगतच्या फांद्यांवरून, ओल्या पोत्यात गुंडाळून, मातीच्या शिंतोड्यांसकट. रोपवाटिकेत सगळ्यांनी हे रोज बघितलं होतं. कुणाला नवल वाटलं नाही, कारण उस्ताद असाच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन डॉक्टरबाईंकडे गेला. बरोबर काकडी नेली नव्हती, पण सगळं करून दाखवलं, पेन आणि बँडेजची पट्टी घेऊन. बाई बराच वेळ त्याच्या दातांतल्या पट्टीकडे बघत होत्या.

"मी तुम्हाला शंभर प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या. "हा विचारायला मला सुचलाच नसता."

"मला तरी कुठं सुचलं उत्तर."

"थर्मामीटरचंही सांगा आता."

त्यानं तेही सांगितलं. कान लाल झाले, या खेपेला लाजेनं.

चार महिन्यांनी छातीच्या फोटोत डाग पुसट झाला होता आणि किडनीचा आकडा जागचा हलला नव्हता. बाईंनी आठ आठवड्यांसाठी काम करायला दिलं. गोळ्या चालूच. काड्या आधी धुवून घ्यायच्या, माती पूर्वीसारखीच दूर, आणि तोंड बंद. शेवटी फोटो काढायचा. तो स्वच्छ असेल तर पुढं बोलू, नसेल तर दुसरं काम शोधायचं. "आणि मी हे एकदाच म्हणणार आहे," बाई म्हणाल्या.

सकाळी निघताना बायकोनं मास्कच्या नाड्या डोक्यामागं स्वतः बांधल्या आणि अशी गाठ मारली की ती तिलाच सोडता यावी.

पहिला दिवस फजितीचा गेला. दोन हातांनी कलम बांधायचं म्हणजे लंगडत धावायचं. काडी टेबलावर ठेवली तर वाळायची. पट्टी ओढावी तर दुसरं टोक सुटायचं. डोळा चिरेतून निसटून खाली पडायचा. दर कलमाला हनुवटी आपोआप खाली यायची, नाड्यांना ताण बसायचा, आणि उस्तादला आठवायचं. दिवसभरात चाळीस झाली. पंधरवड्यानं पट्ट्या सोडून बघितल्या तर चाळीसातली नऊ जगलेली. बाकीचे डोळे काळे.

मालकीणबाई कुंड्यांवरून नजर फिरवत गेली. आता तिनं एकाही गिऱ्हाइकाला टेबलाजवळ आणलं नव्हतं.

"जमायचं नाही हे," त्यानं रविवारी आक्काला सांगितलं. "सतरा वर्षांचं पोर शिकतं ते बावन्न वर्षांचं खोड शिकत नाही."

"मी अठ्ठावन्नाव्या वर्षी एका किडनीवर जगायला शिकले," आक्का म्हणाली. "तुला एक तोंड बंद ठेवायला येत नाही होय रे? तुझा ॲप्रन आण इकडं."

तिनं ॲप्रनच्या छातीवर, बरोबर हनुवटीच्या खाली, कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा जाड दोऱ्यानं शिवून टाकला. घट्ट, चार ठिकाणी. "हे घे दात. ते पडायचे नाहीत, किडायचे नाहीत." बायकोनं झाकणाचा स्टीलचा डबा दिला, आत उकळलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला पंचा. ते काड्यांचे ओठ.

कुंड्यांवरच्या बायकांनी चिमटा बघून दिवसभर वात आणला. उस्ताद, सदरा कधी वाळत घालायचा? उस्ताद, अंगावर दोरी बांधू का? तो पट्टीचं टोक चिमट्यात देत होता, छाती मागं घेऊन ताणत होता, वेढे घालत होता. आठ दिवसांत दिवसाला साठ झाली. मग शंभर. त्या खेपेच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा दर चाळीसातली एकतीस जगली होती. कुंड्यांवरच्या एका थट्टेखोर बाईनं स्वतःच्या ॲप्रनला चिमटा शिवून आणला, का विचारलं तर म्हणाली, दात दुखतो.

सहाव्या आठवड्यात, भर दुपारी, त्याला थंडी वाजल्यासारखं झालं. हंगाम ऐन भरात होता. टेबलावर सोलायला घेतलेली काडी होती. पूर्वीचा उस्ताद असता तर ती काडी संपवली असती, मग तो गठ्ठा, मग तो दिवस. त्यानं चाकू पुसला, मिटला, डबा झाकला. डब्याजवळ बायकोनं ठेवलेला थर्मामीटर होता. पूर्ण वेळ काखेत धरला, मनात आकडे म्हणत. नव्व्याण्णव पॉइंट आठ. शंभरसुद्धा नाही.

त्यानं बायकोला फोन केला. "ऐक, मला ताप आलाय. मी दवाखान्याच्या दारात भेटतो."

ती म्हणाली, "किती?"

त्यानं सांगितलं. खरा आकडा सांगितला.

लघवीचं इन्फेक्शन निघालं, अगदी सुरुवातीचं. दवाखान्यात ठेवायची गरज पडली नाही, सात दिवस जास्तीच्या गोळ्या. आलाच आहात तर फोटो काढून घेऊ, डॉक्टरबाई म्हणाल्या. काचेवर फोटो लावून त्या जवळ गेल्या, लांब गेल्या. उस्ताद फोटोकडे नाही, त्यांच्या पाठीकडे बघत होता.

"जुन्या जखमेचा व्रण आहे," त्या म्हणाल्या. "नवीन काही नाही." मग खुर्चीवर बसून त्यांनी कागद ओढला. "इन्फेक्शन तुम्हाला होतच राहणार, उस्ताद. हे झालं, अजून होतील. मला भीती इन्फेक्शनची नव्हती, चार दिवस लपवणाऱ्या माणसाची होती. तो आज आलेला दिसत नाही. सात दिवस घरी बसा आणि मग जा कामावर."

"आठ आठवडे संपले नाहीत अजून."

"मोजायला बसू नका. जा."

बायकोनं बाहेर आल्यावर पिशवी त्याच्या हातात दिली. इतके महिने ती त्याला काही उचलू देत नव्हती.

हंगामाच्या शेवटी आक्का रोपवाटिकेत आली. तिला दारात लावायला गुलाब हवा होता, बिनकाट्याचा. बिनकाट्याचा आमच्याकडं नाही, उस्ताद म्हणाला. मग कमी बोचणारा दे, ती म्हणाली, तुझ्यासारखा नको. तिच्यासाठी त्यानं समोरच कलम बांधायला घेतलं. मालकीणबाई एका गिऱ्हाइकाला घेऊन टेबलाशी येऊन उभी राहिली होती, काही न बोलता. त्यानं डब्यातून काडी काढली. चीर, डोळा, पट्टीचं टोक चिमट्यात, वेढे. मास्क जागच्या जागी.

आक्का वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मास्कच्या कापडाआड जबडा आवळलेला दिसत होता, गच्च, काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

"काय चावतोयस रे?"

"काही नाही."

"मग तेच चाव," आक्का म्हणाली, आणि कुंडी उचलायला वाकली.

"ठेव ती खाली," तो म्हणाला. "माती आहे तिच्यात, मला चालत नाही आणि तुला उचलवत नाही. कुंड्यांवरच्या बायकांना सांगतो."